पाणी आलं की मोटार लाव: घरातल्या वस्तूंना आपणच नियम घालून द्यायचे म्हणजे काय?

सध्या सोलापुरात ‘स्मार्ट’ म्हटलं की आधी मीटर आठवतो आणि मग वाद सुरू होतो. त्याच वेळी नवी पेठेतल्या दुकानांत फोनवरून चालणारे बल्ब, पंखे आणि प्लग साध्या मालाच्या शेजारी येऊन बसलेत. लोक या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत टाकतात, पण त्या वेगळ्या आहेत. मीटर वीज कंपनीचा. तो वीज मोजतो आणि आकडा पाठवतो, तुम्ही त्याला काही शिकवू शकत नाही. प्लग मात्र तुमचा. कधी चालू व्हायचं, कधी बंद व्हायचं आणि कशामुळे, हे त्याला तुम्ही सांगू शकता. हा लेख त्या सांगण्याबद्दल आहे.

विकत घेणारे बहुतेक लोक ते सांगतच नाहीत. अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरून दिवा घालवायचा, आठवडाभर मजा वाटते, मग पुन्हा भिंतीवरचं बटण. अॅपमध्ये ‘ऑटोमेशन’ किंवा ‘रूटीन’ नावाचा जो कप्पा असतो, तो उघडलाच जात नाही.

रिमोट वेगळा, नियम वेगळा

फोनवरून पंखा बंद करणं म्हणजे लांब दांड्याचं बटण. निर्णय तुम्हीच घेताय, फक्त हात लांबून पोचतोय. नियम म्हणजे निर्णय आधीच घेऊन ठेवायचा आणि वस्तूच्या हवाली करायचा. त्याचे तीन भाग असतात: घटना, अट आणि काम. ‘जेव्हा अंधार पडेल (घटना), आणि घरात कोणी असेल (अट), तर अंगणातला दिवा लाव (काम).’ बाजारातली जवळपास सगळी अॅपं याच ‘जेव्हा–जर–तर’ साच्यावर उभी आहेत. वस्तू वापरणाऱ्या साध्या माणसानंच तिचं वागणं ठरवण्याला ‘एंड-यूजर प्रोग्रामिंग’ असं भारदस्त नाव आहे. एकदा सांगितलं, आता यापुढे ‘नियम’ एवढंच म्हणू.

कोड न लिहिता प्रोग्रॅम? सोलापूरला हे नवं नाही

चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर निघते, ते यंत्र फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804च्या सुमारास आणलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांत भोकं. भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. पुठ्ठा बदलला की तोच माग दुसरी नक्षी काढतो. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात सूचना देण्यासाठी हेच पुठ्ठे घेतले होते, म्हणजे संगणकाच्या वंशावळीत माग आहे हे काही आपण कौतुकानं म्हणत नाही.

इथं कामाचा मुद्दा असा: पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्याला मागाची मोटार दुरुस्त करता यावी लागत नाही. त्याला नक्षी शेवटच्या धाग्यापर्यंत माहीत असावी लागते. घरच्या नियमांचंही तसंच. वायफायचा चिप कसा चालतो हे तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल, पण घर कसं चालतं हे नेमकं माहीत हवं.

आणि हा साचा लोकांना जमतो. अमेरिकेत 2014 साली कार्नेगी मेलन आणि ब्राऊन विद्यापीठांशी संबंधित संशोधकांनी 226 जणांकडून असे नियम बनवून घेतले. प्रोग्रामिंगचा अनुभव नसलेल्यांनीही एकापेक्षा जास्त अटींचे नियम पटकन शिकून घेतले. अडचण साच्यात नसते. ती असते आपण घरात बोलतो त्या वाक्यांत.

‘पाणी आलं की मोटार लाव’ या वाक्यात काय काय दडलंय

उजनी धरणात पाणी असलं तरी सोलापुरात नळाला ते काही दिवसांआडच येतं, आणि ज्या वेळी येतं ती वेळ झोपेचीही असू शकते. म्हणून घरोघरी जमिनीत हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटार. आई कामावर निघताना मुलाला म्हणते, ‘पाणी आलं की मोटार लाव.’ मुलाला ते पुरतं. यंत्राला पुरत नाही.

बघा, मुलगा न सांगता काय काय करतो. नळ उघडल्यावर आधी नुसती हवा येते, मग गढूळ पाणी. ते तो थोडा वेळ जाऊ देतो. हौदात पुरेसं पाणी साचेपर्यंत थांबतो. टाकी आधीच भरलेली असेल तर मोटार लावत नाही. लावली तर ती भरल्याचा आवाज ऐकून बंद करतो. मोटारीनं हवा धरली आणि नुसतीच घरघर करायला लागली, तर धावत जाऊन बटण दाबतो, कारण कोरडी चालली की आधी सील जातं आणि मग वायंडिंग. यातलं एकही वाक्य आईनं उच्चारलेलं नाही.

नियम लिहायचा म्हणजे हे सगळं न उच्चारलेलं कागदावर आणायचं. ते काहीसं असं होईल:

*हौद अर्ध्यापेक्षा जास्त भरला आणि वरची टाकी निम्म्याखाली असली, तर मोटार लाव. टाकी भरली तर बंद. हौद तळाला गेला तर बंद. काहीही असो, 40 मिनिटं झाली तर बंद, आणि मग माणसानं हात लावेपर्यंत पुन्हा सुरू करू नको.*

40 हा आकडा माझा नाही, प्रत्येक घराचा वेगळा. टाकी एरवी 25 मिनिटांत भरत असेल आणि 40 मिनिटांनंतरही भरत नसेल, तर कुठंतरी बिघडलंय: पाइप फुटलाय, हवा धरलीय किंवा टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर अडकलाय. शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सेन्सर खोटं बोलू शकतो हे गृहीत धरूनच ती लिहायची असते, आणि अॅपमधल्या तयार नमुन्यांत नेमकी तीच सापडत नाही.

हे सगळं हौदातून टाकीत पाणी चढवण्याबद्दल चाललंय. महापालिकेच्या नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं बेकायदा आहे, आणि ते फोनवरून केलं म्हणून कायदेशीर होत नाही.

दुसरी सूचना वायरमनकडे बोट दाखवणारी. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, पण मोटार सुरू होण्याच्या क्षणी एरवीच्या कितीतरी पट करंट ओढते. फोन चार्जर किंवा टेबल लॅम्पसाठी बनलेला स्वस्त प्लग तिथं जळू शकतो. प्लगनं फक्त कॉन्टॅक्टरला (मोठा भार पेलणाऱ्या स्विचला) इशारा द्यावा आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरनं घ्यावा, अशी जोडणी करून घ्या. हे काम स्वतः करू नका.

लाईट गेली तर नियम विसरतो का?

हा प्रश्न परदेशी माहितीपत्रकांत फारसा नसतो आणि आपल्याकडे पहिला असतो. उत्तर तुम्ही नियम कसा लिहिलाय त्यावर आहे.

‘घटना’ म्हणजे क्षणात घडून जाणारी गोष्ट: सहा वाजले, दार उघडलं, हौदात पाणी पडायला लागलं. ‘स्थिती’ म्हणजे टिकून असणारी गोष्ट: हौद भरलेला आहे, दार उघडं आहे, अंधार आहे. बोलताना आपण दोन्हींसाठी ‘की’च वापरतो, म्हणून नियम लिहिणारे इथंच घसरतात. 2015 साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी नेमका हाच गोंधळ तपासला होता: एकाच नियमाचा अर्थ वेगवेगळे लोक वेगवेगळा लावतात, कारण कोणाला ती घटना वाटते आणि कोणाला स्थिती.

आता सोलापूरचा उन्हाळा धरा. तुम्ही नियम लिहिलाय, ‘हौदात पाणी पडायला लागलं की मोटार लाव.’ पहाटे तीनला पाणी आलं, तेव्हा लाईट नव्हती. साडेतीनला लाईट आली. पाणी ‘पडायला लागलं’ तो क्षण कधीच निघून गेलाय. प्लग जागा झाला, राउटर जागा झाला, पण ज्या घटनेची ते वाट बघतायत ती होऊन गेलीय. टाकी रिकामी, हौद भरलेला आणि सगळी यंत्रं शहाण्यासारखी गप्प.

‘हौद भरलेला आहे आणि टाकी रिकामी आहे’ असा नियम मात्र साडेतीनलाही खरा असतो, साडेचारलाही. म्हणून जिथं लाईट जाते तिथं नियम शक्यतो स्थितीवर लिहावा. मात्र नुसतं तसं लिहून भागत नाही. आपल्या अॅपमध्ये लाईट परत आल्यावर किंवा दर काही मिनिटांनी ती स्थिती पुन्हा तपासली जाईल अशी सोय आहे का, हे बघून घ्या. काही अॅपं फक्त बदल झाला तरच जागी होतात. अशी सोय नसेल, तर घड्याळ हीच घटना करा: ‘दर दहा मिनिटांनी बघ, हौद भरलेला आणि टाकी रिकामी असेल तर...’ थोडं अडाणी वाटतं, पण चालतं.

याच्या जोडीला एक लहान सेटिंग असतं, बहुतेक अॅपांत खोल दडवलेलं: लाईट परत आल्यावर हा प्लग कसा असावा? चालू, बंद की आधी होता तसा. पंख्याला ‘आधी होता तसा’ ठीक. मोटारीला आणि गिझरला ‘बंद’च. मग पाच मिनिटं थांबून, व्होल्टेज स्थिर झाल्यावर नियमानं ठरवावं.

कूलरची फडफड

एप्रिल-मे मध्ये इथं पारा 40च्या वर असतो आणि हवा कोरडी, म्हणून कूलर कामाचा. सोपा नियम: ‘खोली 34 अंशांच्या वर गेली तर कूलर चालू, खाली आली तर बंद.’ लावून बघा. 34.1ला चालू, दोन मिनिटांत 33.9, बंद, पुन्हा 34.1. रात्रभर टकटक. उपाय असा की दोन आकड्यांत अंतर ठेवायचं: 35ला चालू, 32ला बंद, मधल्या पट्ट्यात आहे तसं राहू दे. टाकीच्या नियमात ‘निम्म्याखाली गेली तर सुरू, भरली तर बंद’ असं लिहिलं ते याचसाठी, नाहीतर एक तांब्या पाणी काढलं की मोटार घुर्रकन सुरू झाली असती.

जूनमध्ये हवेत दमटपणा आला की हाच नियम घरात चिकचिक वाढवतो. नियमालाही हंगाम असतो.

एवढ्यासाठी इंटरनेट कशाला? लेव्हल कंट्रोलर मिळतोच की

खरं आहे. टाकी भरली की मोटार बंद करणारा साधा कंट्रोलर इलेक्ट्रिकच्या दुकानात वर्षानुवर्षं मिळतोय. त्याला वायफाय लागत नाही, अॅप लागत नाही, पासवर्ड तर मुळीच नाही. तुमची गरज तेवढीच असेल तर तोच घ्या, आणि हा लेख इथंच सोडलात तरी तुमचं काही बिघडणार नाही.

फरक कुठं पडतो? तुमची गरज कारखान्यात बसलेल्या माणसाच्या कल्पनेबाहेरची असेल तिथं. ‘पाणी आलं की मोटार लावू नको, नुसता मला निरोप पाठव, कारण आधी पिण्याचं भरायचंय.’ ‘वडील घरी एकटे असतील आणि सकाळी दहापर्यंत स्वयंपाकघराचं दार उघडलं नाही, तर मला कळव.’ ‘मुलगी अभ्यासाला बसली असेल तर दारावरची घंटा वाजवू नको, दिवा लुकलुकव.’ असा कंट्रोलर कोणी बनवून विकणार नाही, कारण असं घर एकच आहे.

वेळेनुसार वीजदर आला तर?

इथं मीटर पुन्हा येतो. केंद्र सरकारनं 2023 साली वीज ग्राहकांच्या नियमांत बदल केले. त्यांनुसार दिवसातल्या सौर, म्हणजे उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकांना नेहमीच्या किमान 1.10 पट असावा. शेती सोडून बाकी ग्राहकांसाठी त्याची मुदत 1 एप्रिल 2025 ठेवली होती. नेमके तास आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून आपल्या बिलावर काय छापलंय ते बघा.

स्मार्ट मीटर तो हिशेब ठेवतो, पण वापर हलवायचा तुम्हीच. मोटारीच्या नियमात एक अट वाढते: ‘पाणी रात्री आलं तरी टाकी पाव भागाच्या वर असेल, तर सकाळी दहा वाजेपर्यंत थांब.’ हौदात साचलेलं पाणी कुठं पळून जात नाही. गिझरला मात्र हा युक्तिवाद चालत नाही, स्वस्त पडतं म्हणून भर दुपारी आंघोळीला कोण जाणार!

कंपनीनं दुकान बंद केलं तर?

ही भीती पोकळ नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा घरगुती उपकरणं जोडणारा 300 डॉलरचा डबा अमेरिकेत विकला जात असे. 2014 साली नेस्ट या गूगलच्या कंपनीनं तो उपक्रम विकत घेतला आणि मे 2016 मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातले डबे शाबूत होते, नुसते निरुपयोगी झाले.

कारण असं की बहुतेक स्वस्त वस्तूंचे नियम तुमच्या घरात राहतच नाहीत. ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर असतात. हौदातला सेन्सर तिकडे कळवतो, तिकडून हुकूम परत येतो आणि दहा फुटांवरची मोटार सुरू होते. मधे इंटरनेट तुटलं की हुकूम नाही. दुसरा मार्ग म्हणजे नियम घरातच चालवणं. होम असिस्टंट नावाची मुक्त प्रणाली 2013पासून यासाठी आहे, जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या हाताएवढ्या संगणकावर चालते. बसवायला डोकं खाते, हे आधीच सांगतो. घरातला किंवा गल्लीतला एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा हाताशी असेल तर सोपं पडतं.

मधला मार्ग हवा असेल तर खोक्यावर ‘मॅटर’ची खूण शोधा. अॅपल, गूगल, अॅमेझॉन, सॅमसंग यांनी मिळून ऑक्टोबर 2022 मध्ये आणलेलं ते समान मानक आहे. एका कंपनीची वस्तू दुसरीच्या अॅपमध्ये चालावी आणि हुकूम घरातल्या घरात पोचावा, हा त्याचा हेतू.

आणि कोणी बाहेरून शिरलं तर?

2016 साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. युक्ती काय, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेलाच नव्हता. तो बदला, अपडेट आलं तर घ्या, आणि झोपायच्या खोलीत इंटरनेटला जोडलेला कॅमेरा लावूच नका. कुलूप आणि गॅस यांचे नियम मी तरी लिहिणार नाही. चुकल्यावर काय होईल याची कल्पना करून ज्याला हसू येतं तो नियम लिहावा, अंगावर काटा येतो तो लिहू नये.

बोलून सांगता येईल की आता

येतं. अॅमेझॉनची अलेक्सा 2019पासून हिंदी समजते, फोनवरचा गूगल असिस्टंट मराठीही समजतो, आणि साध्या वाक्यातून नियम बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आलीत. टायपिंगचा त्रास गेला. पण ‘पाणी आलं की मोटार लाव’ हे वाक्य तुम्ही बोललात काय नि लिहिलंत काय, त्यात 40 मिनिटांची ओळ नाहीच. हुशार साधन ती स्वतःहून घालेल किंवा विचारेल. घातली की नाही, हे वाचून बघणारं माणूस घरात लागतंच.

त्यामुळे बनलेला नियम आधी आठवडाभर नुसता ‘निरोप’ म्हणून चालवा: मोटार सुरू करू नको, ‘आत्ता सुरू केली असती’ एवढं फोनवर कळव. दोन-तीन वेळा पाणी येऊन गेलं की कळेल, नियम शहाणा आहे की येडा.

घरातल्या बाकीच्यांचं काय?

मला या सगळ्यात हा भाग सगळ्यात अवघड वाटतो. अॅप बहुतेक वेळा घरातल्या एकाच फोनवर असतं, आणि तो फोन मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. पाणी कधी येतं, किती वेळ गढूळ असतं, टाकी कुठवर पुरते हे ज्या बाईला वर्षानुवर्षं पाठ आहे, तिच्या हाती तो नसतो. म्हणजे नक्षी माहीत असणारी एक आणि पुठ्ठ्याला भोकं पाडणारा दुसरा. मग चादर बिघडते. नियम लिहायला बसताना तिला शेजारी बसवू नका, तिच्या हातात फोन द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

वस्तूंना नावं घरात बोलतो तीच द्या. ‘डिव्हाइस 3’ नको, ‘वरची टाकी’, ‘माडीवरचा पंखा’. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरात तेलुगू नाव असू द्या, कन्नड बोलणाऱ्यांनी कन्नड. नियम मराठीत कागदावर लिहून स्टार्टरजवळ चिकटवा. आणि भिंतीवरचं बटण काढू नका. नियम काहीही म्हणो, आजोबांनी बटण दाबलं की मोटार बंद झालीच पाहिजे, आणि ‘पुन्हा सुरू हो’ म्हणत ती त्यांच्याशी भांडता कामा नये.

दार कधी उघडलं, दिवा कधी लागला याची नोंदही अॅपमध्ये साचत जाते. सून किती वाजता आली हे त्यात दिसतं. ही नोंद कोणी बघायची आणि ती ठेवायचीच का, हे घरात उघडपणे बोलून ठरवा. न विचारता लावलेला सेन्सर म्हणजे पाळत.

भाड्याचं घर असेल तर?

प्लग, बल्ब, दाराला चिकटवायचे सेन्सर काढून नेता येतात. कॉन्टॅक्टरची जोडणी घरमालकाला विचारूनच करावी. नवीन घरात गेल्यावर राउटर नवा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बहुतेक स्वस्त प्लग फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात, 5चं नाव दिसतं पण त्यावर ते चढत नाहीत. वस्तू अशा तासाभरात लागतात. नियम मात्र पुन्हा लिहावे लागतात, कारण तिथं पाणी वेगळ्या वारी येतं आणि हौद वेगळ्या मापाचा असतो.